ताटलीला पोट नसतं

तिचा जन्म काचा धुण्यात गेला. आधी लोकांच्या घरच्या कपबशा, मग प्रयोगशाळेतल्या ताटल्या आणि नळ्या. हाताची साफ, तोंडाची फटकळ. घरचं रडगाणं कामावर गायचं नाही, हा तिचा बाणा. हा बाणाच तिला महागात पडला.

नवरा वेल्डर. कसल्याशा तापानंतर त्याच्या हृदयाला सूज आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी चक्कर यायची, आणि चक्कर येणाऱ्या माणसाला उंचावर कोण चढवणार? तो घरी बसून भिंतीवर खेकसायचा.

प्रयोगशाळेतल्या मॅडम तेव्हा कांद्याच्या सालीतल्या फ्लेवोनॉइड नावाच्या पिवळ्या द्रव्यावर काम करत होत्या. दोन ताटल्यांत हृदयाच्या पेशी. दोन्हींत दाह निर्माण करायचा आणि एकीतच ते द्रव्य घालायचं. एके दिवशी त्यांनी तिला हाक मारली, "मावशी, या, भिंगातून बघा. त्या ताटलीतल्या मेल्या, या वाचल्या. कशा धडधडताहेत!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या कामाचं कुणाला तरी कौतुक आहे, असं वाटून मॅडम सुखावल्या. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

त्या संध्याकाळी तिनं कांद्याच्या साली उकळल्या.

"माझे कपडे रंगवायचेत का?" नवऱ्यानं विचारलं, पण प्यायला. आठवड्याभरात गोळ्या कपाटावर गेल्या. चक्कर थांबली. ती थांबणारच होती, गोळ्यांचीच तर होती! पण दोघांना आभाळ ठेंगणं झालं. तो कामावर जाऊ लागला. मग पाय सुजले, तेव्हा तिनं काढा दाट केला. एका दुपारी तो कामावरच कोसळला, तो उठलाच नाही.

"गोळ्या चालू होत्या ना?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं. शेजारी सासूबाई उभ्या होत्या.

"हो," ती म्हणाली.

पुन्हा कामावर गेल्यावर तिनं मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, ताटलीत आम्ही ते थेट पेशींवर घालतो. ताटलीला पोट नसतं, मावशी. माणूस पितो त्यातलं हृदयापर्यंत किती पोचतं, पोचून काही करतं का, हे अजून नक्की माहीत नाही. मला एका शब्दानं विचारायचंत तरी!"

"तुम्ही तरी सांगायचंत."

दोघींचंही खरं होतं आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

घरी सासूबाईंनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या केराच्या डब्यात टाकल्या होत्या. "माझं पोर या गोळ्यांनीच खाल्लं. रोज घेत होता ना? तूच म्हणालीस. मग मी कशाला घेऊ?"

मुलगा गेल्यापासून म्हातारी तिला पोटच्या पोरीसारखी कुशीत घेऊन झोपत होती. सुनेलाही दुसरं होतं कोण? गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिला गप्प राहायचं होतं, अगदी मनापासून राहायचं होतं.

तिनं केरातून पाकीट काढलं, पदराला पुसलं. "आई, गोळ्या बंद होत्या. मीच बंद केल्या. काढा पाजला. तुम्ही ही घ्या."

तिनं गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. सासूबाईंनी गोळी उचलली, भिंतीला धरत उठल्या आणि नळावर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायल्या.

त्या रात्री त्यांनी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत घातलं.