बेंबी सरकली नव्हती

"ए मावशी, हे मशीन आहे, जत्रेतला पाळणा नाही. आला तो बसला, असं चालत नाही."

डॉक्टर हे म्हणाले तेव्हा माझा बा टेबलावर उताणा पडलेला होता. सदरा वर केलेला. पोटावर सोनोग्राफीची थंडगार जेली, मीच लावलेली. नर्स हसली. दाराशी उभी असलेली एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, बिडीचा केवढा वास येतोय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका खाजगी दवाखान्यात मी आया होते. वय अठ्ठावीस, पण तिथे सगळ्यांची मावशी. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या डॉक्टरांचीसुद्धा. त्या दिवशी एका कारखान्यातल्या साहेबलोकांची तपासणी होती. साहेब, त्यांच्या बायका, कॉलेजातली मुलं. पोटाला जेली लावायची आणि नंतर पुसायची, एवढंच माझं काम.

सकाळी एका वयस्कर साहेबांच्या पोटावर डॉक्टरांचा हात थांबला. पडद्यावर मोठा काळा गोल दिसत होता. शिकाऊ डॉक्टरांना ते म्हणाले, ही पोटातली मुख्य रक्तवाहिनी, फुगलीय. इथे हात ठेवा, कशी उडते बघा. पण दाबू नका. फुटली तर माणूस हाती लागत नाही.

मी साहेबांचा शर्ट धरून उभी होते.

तसंच उडणारं पोट मी महिनाभर घरी चोळत होते, माझ्या बाचं. आम्ही पेठ तालुक्याकडचे. पाठ धरली, पोट दुखलं की आमच्यात उपाशीपोटी बेंबीवर अंगठा ठेवून बघतात. ठोका मधोमध लागला तर ठीक. बाजूला लागला तर बेंबी सरकली. मग तेल लावून, चोळून चोळून ठोका जागेवर आणायचा. मला हे आजीने शिकवलेलं. बाचा ठोका बेंबीच्या वर, डावीकडे लागायचा. माझे दोन्ही अंगठे उचलले जायचे इतका जोरात. मी म्हणायचे, लय सरकलीय. आणि आणखी जोर लावायचे.

बा त्या दिवशी माझा डबा घेऊन आला होता, व्हरांड्यात बसला होता. डॉक्टर जेवायला गेले तशी मी त्याला आत घेतलं. कोणाला विचारलं नाही. डॉक्टर परत आले आणि पाळण्याचं ते वाक्य बोलले. मी हात जोडले. म्हटलं, सर, ह्याच्याही पोटात तसंच उडतंय, दोन मिनिटं बघा.

"ढीगभर पोटं बघावीत तेव्हा असं एखादं निघतं. तुझ्या लोकांमागे मशीन लावणं परवडत नाही."

मी तोंड उघडायच्या आत बा उठला. धोतराने पोट पुसलं. टेबलावर सांडलेली जेलीही पुसली. वर डॉक्टरांनाच म्हणाला, "चुकलं साहेब." मग मला म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी. मला काय नाय झालं."

तो एकटाच बाहेर गेला. मी पुढच्या बाईच्या पोटाला जेली लावली. ही माझी लाज, मी ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही.

सरकारी दवाखान्यात नेते म्हणून मी बाच्या विनवण्या केल्या. तो नाहीच म्हणाला. परक्या लोकांसमोर पुन्हा पोट उघडं करणार नाही, म्हणाला. गावी निघून गेला. आठ दिवसांनी पाठीत कळ आली, पोट लाकडासारखं टणक झालं. नाशिकला आणताना जीपमध्ये, सावळघाटातच संपला.

बा गेला, ठोका गेला नाही. भाकरी थापताना, लादी पुसताना अंगठ्याखाली उडतो. माझ्या चोळण्याने तर ती रक्तवाहिनी फुटली नसेल? एका भल्या डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. खोटं तरी बोलायचं होतं त्यांनी.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. त्याच दवाखान्याच्या हॉलमध्ये त्याच डॉक्टरांचं भाषण होतं. विषय हाच, फुगलेली रक्तवाहिनी. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. ते म्हणाले, सरसकट सगळ्यांची पोटं तपासणं परवडत नाही. पण साठी उलटलेले, बिडी-सिगारेट ओढणारे पुरुष आयुष्यात एकदाच तपासले, तर खर्च कारणी लागतो.

एकदाच. माझा बा पासष्टीचा, दिवसाला दोन बंडलं ओढणारा. टेबलावर पडलेला. जेली लावलेला.

"सर, तेव्हा तुम्ही कॉलेजातली पोरं तपासलीत. माझ्या बाला टेबलावरून उतरवलंत. परवडत कोण नव्हतं?"

डॉक्टरांना बा आठवलाच नाही, ते तोंडावर दिसत होतं. "मावशी, चहा द्या आणि जा," म्हणाले.

"चहा नाही देणार."

ट्रे खाली ठेवला आणि निघाले. नोकरी गेली. जाऊ दे.

आता पेठच्या बाजाराला जाते, बायकांमध्ये बसते. सांगते, म्हाताऱ्याचं पोट चोळू नका. बेंबीही सरकत नसते. नुसता हलका हात ठेवा. फार उडतंय वाटलं, किंवा नुसता बिडी ओढणारा म्हातारा असला, तरी नाशिकला आणा. मी बरोबर येते, रांगेत उभी राहते, भांडते. आणि आत जाण्याआधी म्हाताऱ्याला बजावते. कोण काय बोलायचं ते बोलू दे. पोट बघितल्याशिवाय टेबलावरून उतरायचं नाही. तुम्ही उतरायला लागलात, तर मी धरून ठेवीन.