हायवेपलीकडचं माहेर

समुद्रकाठच्या त्या गावात सुट्टीला येणाऱ्यांना दोन गोष्टी लागायच्या, एक खोली आणि दुसरे मास्तर. हायवेला घाबरणाऱ्यांना आतल्या रस्त्यांनी गाडी फिरवायला शिकवणं हा मास्तरांचा धंदा. बाजारामागची गल्ली, शाळेची भिंत, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे; हायवेला चाकसुद्धा न लावता अख्खं गाव पालथं. "हायवे म्हणजे मरणाला आवतण," असं ते म्हणाले की गिऱ्हाईक मान डोलवायचं. बोलण्यात मास्तरांचा हात कोण धरणार!

त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची बायको. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच तिला गाडी शिकवली, आणि शिकवता शिकवता भीतीही पाजली. "तुझं काळीज सशाचं. तू आपली आतून जात जा." तिचं माहेर हायवेपलीकडे. आतून जायचं तर खाडीला वळसा, दोन रेल्वे फाटकं, एक अरुंद पूल, म्हणजे दीड तास. भाऊ म्हणायचा, "हायवेने दहा मिनिटं गं!" त्यावर मास्तर म्हणायचे, "दहा मिनिटांत माहेरी की थेट वर, ते विचार त्याला." ती हसायची आणि दोन महिन्यांतून एकदा जायची. तेही जेमतेम तासभर टेकायची, कारण परतायला पुन्हा दीड तास.

त्या मंगळवारी साडेदहाला भावाचा फोन आला. "आईला इथल्या हॉस्पिटलात अकराला ऑपरेशनला नेतायत. डॉक्टर म्हणतात काही खरं नाही, भेटायचं तर आत्ता ये."

"अहो, हायवेने घ्या," तिने गाडीत बसता बसता सांगितलं.

मास्तरांनी हायवेच्या चढापर्यंत गाडी आणली आणि तिथेच उभी केली. मागून हॉर्न वाजायला लागले. तिने पाहिलं, तर त्यांनी हँडब्रेक ओढून ठेवला होता.

"अहो, चला ना!"

"मला नाही जमत गं," ते म्हणाले. "कधीच जमलं नाही."

बावीस वर्षं! काळीज कोणाचं सशाचं, आणि नाव कोणाचं लावलं मेल्याने! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायलाही वेळ लागतो, आणि तो नव्हता.

"उतरा. मागे बसा."

तिने गाडी हायवेवर घातली. शेजारून ट्रक घोंघावत गेला तेव्हा तिने गाडी जरा डावीकडे दाबली, खोटं कशाला बोला. पण रस्ता सरळ होता, रुंद होता, आणि गाडी तिचं ऐकत होती. मास्तर मागे डोळे मिटून बसले होते.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावून तिने घड्याळ पाहिलं.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली. "नऊ मिनिटं हो!"

मास्तरांनी आत्ता कुठे डोळे उघडले.

ती धावत वर गेली. आईला स्ट्रेचरवरून नेतच होते. तिने आईचा हात धरला.

"आलीस? दीड तास गाडी हाकत आलीस गं," आई कशीबशी म्हणाली. "दमली असशील. मी तुला कधी बोल लावला नाही हो, पोरी. तुला लांबच पडतं."

वॉर्डबॉय दार उघडून थांबला होता. तिने आईच्या हातावर कपाळ टेकलं.

"हो आई," ती म्हणाली. "फार लांब पडतं."