दोन वर्षांचा कोरा रकाना

उल्का सोहोनी लग्न होऊन लखनौला आली ती १९७९ साली. माहेर सांगलीचं, सासर मिरजेचं, पण नवरा लक्ष्मीकांत बँकेच्या नोकरीपायी पार उत्तरेत जाऊन पडलेला. तीन वर्षांत बदली होईल म्हणून महानगर नावाच्या वस्तीत भाड्याचं घर घेतलं आणि तिथेच राहिले. मुलगी मृणाल दोन वर्षांची झाल्यावर उल्काने रेकॉर्ड टेक्निशियनचा कोर्स केला आणि एका मोठ्या सरकारी रुग्णालयात कामाला लागली.

काम बसून करायचं होतं, पण डोकं लागायचं. रुग्ण घरी गेला किंवा वारला की त्याची फाइल तळमजल्यावर यायची. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, जाडजूड पुस्तकात त्या रोगाचा आकडा शोधायचा, तो फाइलीवर लिहायचा आणि त्या आकड्याच्या कार्डावर फाइलीचा नंबर चढवायचा. डॉक्टरमंडळी चार-चार ओळी लिहीत. रुग्ण काय सांगत आला ते पहिल्या ओळीत, खरा रोग तिसऱ्या ओळीत कुठेतरी दडलेला. ती तिसरी ओळ हुडकण्यात सगळं कसब होतं, आणि उल्काचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं.

१९९० च्या फेब्रुवारीत लक्ष्मीकांत मेव्हण्याला पोचवायला अमौसीच्या विमानतळावर गेला. परतताना छातीत कळ आली, स्कूटर कडेला लावली आणि तिथेच बसला तो उठला नाही. सांगलीहून माणसं आली, दिवस झाले, माणसं गेली. दीर म्हणाले, “वहिनी, मिरजेला चला.” ती म्हणाली, “मृणालची परीक्षा आहे.” पंधराव्या दिवशी ती कामावर हजर झाली.

ती रडली नाही. लोकांनी वाट पाहिली, मग सोडून दिलं. रोज चाळीस फायली ती हातावेगळ्या करू लागली, पूर्वी पंचवीस व्हायच्या. विभागप्रमुख सक्सेना साहेब इतरांना सांगत, “सोहोनी मैडम को देखिए. इतना बड़ा हादसा हुआ, पर काम में एक दिन की ढील नहीं.”

सहा वर्षं गेली. १९९६ च्या जुलैत डॉ. ऋचा माथुर नावाची तरुण डॉक्टर खाली आली. तिला एमडीच्या प्रबंधासाठी २५५.४ च्या सगळ्या फायली हव्या होत्या, दहा वर्षांतल्या. म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी काम करेनाशा झालेले रुग्ण. या ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांचा रस आटला की माणूस काळवंडतो, वाळतो, रक्तदाब खाली येतो. आपल्याकडे बहुतेक वेळा क्षयाने हे होतं. रोज गोळी घेतली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, न घेतली तर एखाद्या साध्या तापात जातो.

उल्काने कार्ड काढून दिलं. ऋचा बोट फिरवत वाचू लागली. शहाऐंशी साली दोन, सत्त्याऐंशीत चार, पुढच्या दोन्ही वर्षी तीन-तीन. ब्याण्णवपासून पुन्हा तेच. मधल्या दोन वर्षांसमोर काहीच नव्हतं.

“नब्बे-इक्यानबे में एक भी नहीं? अजीब बात है,” ऋचा म्हणाली.

उल्का त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टर साहब, आप परसों आइए.”

त्या दुपारी ती डबा न उघडता मागच्या खोलीत गेली. नव्वद सालचे गठ्ठे वरच्या फळीवर होते. तिने उलट्यांचा आकडा घातलेल्या फायली आधी काढल्या, कारण हा रोगी पुष्कळदा उलट्या घेऊनच येतो. सतराव्या फाइलीत सापडलं. पहिल्या ओळीत उलट्या, दुसऱ्या ओळीत अशक्तपणा, तिसऱ्या ओळीत स्वच्छ अक्षरात ॲड्रिनलचं निदान. आणि कोपऱ्यात तिने स्वतः लिहिलेला आकडा, उलट्यांचा, खाली तिची सही.

तिने दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. त्या दोन वर्षांत तिने फक्त पहिली ओळ वाचली होती. अक्षर सुबक होतं, कुठे खाडाखोड नव्हती. यातली एकही फाइल आपण हातात घेतल्याचं तिला आठवेना. लाज वाटायला हवी होती, तीही नीटशी वाटली नाही. दुसऱ्या कुणाचं तरी काम तपासत असल्यासारखी ती नंबर टिपत राहिली.

घरी जेवताना तिने मृणालला विचारलं. मृणाल पंधराची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत यायचं.

“बाबा गेले त्या वर्षी मी कशी होते गं?”

मृणालने घास गिळला. “ठीक थीं. रोज खाना बनाती थीं.”

“आणि?”

“नमक नहीं डालती थीं. मैं ऊपर से डाल लेती थी.”

“मला सांगायचं नाही का?”

“बताया था, आई. आप ‘हाँ’ बोलती थीं. अगले दिन फिर नहीं डालती थीं.”

उल्काने मान हलवली आणि तिच्या ताटात पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी ती सक्सेना साहेबांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. “मैडम, उन सालों की रिपोर्ट कब की जा चुकी. किसी ने नहीं पूछा. क्यों खोल रही हैं?” ती म्हणाली, “सर, मुझसे गलत हुआ है. ठीक भी मैं ही करूँगी.” ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. शेवटी म्हणाले, “लंच में कीजिए फिर. ड्यूटी में नहीं.”

ऋचाला तिने सरळ सांगितलं. ती पोर भली होती. तिने दोष दिला नाही, पण एक गोष्ट बोलली ती उल्काच्या मनात रुतली. “इन मरीज़ों को फॉलो-अप की चिट्ठी आपके कार्ड से ही देखकर जाती थी न?”

तसंच होतं. वर्षातून दोनदा कार्डावरच्या नंबरांवरून पोस्टकार्डं जायची. रुग्ण आला की त्याला समजावून सांगत: ताप आला तर गोळी दुप्पट घ्या, उलट्यांनी गोळी पोटात राहीना तर इंजेक्शनसाठी ताबडतोब या. कार्डावर ज्यांचा नंबर चढला नाही, त्यांना काहीच गेलं नव्हतं.

चार महिने ती दुपारच्या सुटीत फायली उपसत होती. उलट्या, क्षय, रक्तदाब, कारण न कळलेला शॉक. जिथे जिथे हा रोग चुकून जाऊन बसला असेल ते सगळे आकडे तिने पालथे घातले. सात फायली निघाल्या. दोघे रुग्णालयातच वारले होते. उरलेल्या पाचांना तिने स्वतः पोस्टकार्डं लिहिली. दोन ‘पता गलत’ शेरा घेऊन परत आली. दोन बाहेरगावी गेली, उत्तर नाही. पाचव्याचा पत्ता लखनौच्याच लष्करी छावणीतला होता, सदर बाजाराच्या मागे. शिवबरन, वय चव्वेचाळीस, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकी. तिथूनही उत्तर आलं नाही, तेव्हा एका रविवारी ती प्रवासी टेम्पो बदलत तिथे गेली.

दार एका पन्नाशीच्या बाईने उघडलं. कपाळ मोकळं होतं, ते पाहूनच उल्काला कळलं. तरी तिने विचारलं. बाईचं नाव रामदुलारी. तिने खाट झटकून बसायला दिलं, चहा ठेवला.

“तिरानबे में गए,” ती म्हणाली. “भादों में बुखार आया. गोली तो रोज़ खाते थे, कभी नागा नहीं किया. पर तीन दिन उल्टी लगी रही, पेट में कुछ टिके ही ना. नुक्कड़ वाले डॉक्टर ने कहा मौसमी है. चौथे दिन सबेरे ठंडे पड़ गए.”

उल्काने चहाचा कप खाली ठेवला. “अस्पताल से आपको एक चिट्ठी आनी चाहिए थी. साल में दो बार. उसमें बुलाते और बताते कि उल्टी हो तो क्या करना है. वह चिट्ठी मुझसे रह गई. मैंने उनकी बीमारी गलत खाने में लिख दी थी.”

रामदुलारीने तिच्याकडे पाहिलं. तिला किती कळलं, उल्काला सांगता येईना. बाहेर कुठेतरी नळावर बादल्यांचा आवाज चालला होता.

“आती तो हम ले जाते,” रामदुलारी अखेर म्हणाली. “रिक्शे से आधे घंटे का रास्ता है.”

“हाँ.”

मग रामदुलारीने विचारलं, “बीमारी का नाम क्या था? पर्चे पर अंग्रेज़ी में लिखा था. हमसे सब पूछते हैं कि काहे से गए, हम कहते हैं बुखार से.”

उल्काने नाव सांगितलं. रामदुलारीने दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही. तेव्हा उल्काने पर्समधून कागद काढला आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. रामदुलारीने तो घडी करून डब्यात ठेवला. दारापर्यंत पोचवायला आली, पण ‘फिर आइएगा’ म्हणाली नाही.

परतताना टेम्पोत उल्काला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. घराजवळच्या कपूरथळा चौकात उतरून तिने पालक आणि मटार घेतले, आणि घरी जाऊन मटार सोलत बसली. मृणाल शेजारी येऊन सोलू लागली. कुठे गेली होतीस, असं तिने विचारलं नाही. बऱ्याच वेळाने उल्कानेच सांगितलं, सगळं, पहिल्या फाइलीपासून. मृणाल ऐकत राहिली आणि शेवटी मोडक्या मराठीत म्हणाली, “आई, तू तेव्हा तिथे नव्हतीस.” उल्का म्हणाली, “सही माझीच आहे ना.”

सोमवारी तिने सातही फायलींवरचे जुने आकडे लाल शाईने खोडले, शेजारी खरा आकडा लिहिला, सही केली आणि तारीख घातली, त्या दिवसाची. कार्डावर नव्वद-एक्क्याण्णवसमोर सात नंबर चढवले. ऋचाचा प्रबंध पुढच्या वर्षी मान्य झाला. उल्का त्याच टेबलाशी काम करत राहिली. रोज चाळीस फायली होईनाशा झाल्या. वीस-बावीसवर ती आली, आणि सक्सेना साहेबांनी एकदा विचारलंही. ती म्हणाली, “सर, पूरा पढ़ती हूँ.”