मालूच्या वाफ्यातले चार खड्डे

मिठागरातल्या वाफ्याचा तळ तुडवून घट्ट करावा लागतो. पंधरा दिवस, अनवाणी, टाचेवर भार देऊन. तळ कच्चा राहिला की पाणी मुरतं आणि मीठ धरत नाही. पनवेलच्या खाडीकाठी हे काम मालूइतकं नीट करणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही. मी तिथे तीस वर्षं राबलो.

तिचा नवरा गेल्यावर मिठागराचा मालक, शेठ, त्याचा वाफा दुसऱ्याला कसायला देणार होता. मालू त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. शेवटी शेठ म्हणाला, "शिमग्यापर्यंत मीठ दाखव. नाही तर वाफा सोड." ही एकसष्ट सालची गोष्ट.

तळ तयार झाला. शिमग्याला सोळा दिवस होते. दुपारी वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायचं होतं, त्याआधी मालू आणि मी बांधापलीकडे भाकरी खायला बसलो. परत आलो तर वाफ्यात चार साहेब, पायांत बूट, आणि चारी कोपऱ्यांत हात-हात खोल खड्डे. विद्यापीठात नवं संशोधन केंद्र निघालं होतं. रसायनवाले, वनस्पतीवाले, भूगोलवाले आणि अर्थशास्त्रवाले मिळून मिठागराचा अभ्यास करणार होते. अर्थशास्त्राला चिखल कशाला लागतो, ते मला अजून कळलेलं नाही.

"हे कोनी खनलं?" मालूने विचारलं.

"नमुने घेतले, बाई," थोरले साहेब म्हणाले. "प्रत्येक विभागाला स्वतंत्र नमुना लागतो."

"माती एकच हाय ना? एक खड्डा खनून वाटून घ्यायची."

"विभाग वेगळे आहेत."

"आनि केंद्र?"

"केंद्र एकच."

"एका चुलीवर चार भाकऱ्या होतात, सायेब. तुमी एका भाकरीला चार चुली मांडल्या. तुमी आपसात बोलत नाय का?"

थोरले साहेब नमुन्याच्या पिशवीला गाठ मारू लागले.

"बूट काडा. तुडवा."

चौघांनी पँटी दुमडल्या. मी ओरडून सांगत होतो, टाच मारा, बोटं नकोत. तासाभरात अर्थशास्त्र बांधावर बसलं, पाय चोळत. बाकीच्यांनी नुसता चिखल कालवला. जाताना थोरले साहेब म्हणाले, "अहवालात तुमचं नाव घालू."

"अहवालानं खड्डा बुजंल का?" मालू म्हणाली.

त्यांनी तुडवलेलं आम्हाला आधी उकरावं लागलं. मग नवी माती भरून सहा दिवस आम्ही दोघं तुडवत होतो. मालू रोज संध्याकाळी कोपऱ्याकोपऱ्यात टाच आपटून आवाज ऐकायची आणि म्हणायची, "नाय रं शिवा, अजून पोकळ हाय." सातव्या दिवशी पाणी घेतलं.

शिमग्याच्या सकाळी शेठ आला. मधलं मीठ पांढरं होतं, कोपऱ्यांतलं मळकट. त्याने वाकून पाण्यात हात घातला, मूठभर खडे काढले, चोळले.

"कोपरे काळे आहेत."

"खडा हाय ना?"

"आहे."

"मंग?"

"ठेव वाफा," म्हणाला आणि गेला.

पुढच्या मार्गशीर्षात केंद्राचं पत्र आलं. पुन्हा नमुने हवेत, चारही विभाग येतील. मालूने मला उत्तर लिहायला बसवलं. दोन ओळींचं. एकच माणूस पाठवा, अनवाणी. पंधरा दिवस राहायच्या तयारीने.

कोणी आलं नाही.