रिकाम्या डब्यामागे

कोल्हापुरात माझ्या हाती एकच सकाळ होती. लॉजवाल्याने मिसळीसाठी सुचवलेलं चकचकीत हॉटेल टाळून मी रस्त्यावर उभा होतो. तेवढ्यात गाऊनवर ओढणी घेतलेल्या एक मावशी स्टीलचा रिकामा डबा हलवत गेल्या. घरी चूल असलेली बाई सकाळी डबा घेऊन जिथे जाते, तिथली चव खोटी असूच शकत नाही. मी मागोमाग निघालो.

पाटी नसलेल्या दारापाशी त्या वळल्या. "मिसळ खायाची हाय न्हवं? मग आत या की, पाहुणं."

बाकावरच्या आजोबांनी सरकून जागा दिली. पहिल्याच घासाला कपाळावर घाम फुटला आणि शहर जिंकल्यासारखं वाटलं.

मग दारात एक बॅगवाला घुटमळला. मी बाकावर सरकलो आणि त्याला म्हणालो,

"या की, पाहुणं."