सुताराच्या स्टँडचा चौथा पाय

तमाम मालवणकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या किनाऱ्यावर घडीच्या पायांवर विश्वास ठेवू नये.

माझ्याकडे दारं-खिडक्या करायला येणारा सुतार मात्र ठेवायचा. मोटरसायकलवरून लाकूड कापायच्या मशीनचं लोखंडी स्टँड उतरवायचा, एकेक पाय उघडायचा आणि बैलाला दटावावं तसं म्हणायचा, "उभो रव रे, नाटका नको." पाय उघडला की स्प्रिंगची खिटी भोकातून बाहेर येऊन तो अडकतो. खाऱ्या वाऱ्याने त्या स्प्रिंगा गंजल्या होत्या. त्यावर याचा इलाज म्हणजे होडीला चोपडतात ते मुशी माशाचं तेल.

तेल वाळून गोंदासारखं चिकट झालं होतं. मी म्हटलं, "अरे, चौथ्या पायाची खिटी पुरी भायर येणा नाय. नवीन लॉक घाल."

"होडयेक चलता ता ह्येका कित्याक नको? भाऊनू, तुमी चाय सांगा."

चहा आला तेव्हा तो फणसाची फळी कापत होता. चौथा पाय मुडपला. चालू मशीन कलली, आणि पडणारं पोर झेलावं तशी त्याने ती झेलली. दोन बोटं भुशात पडली.

मी हाताला टॉवेल गुंडाळून त्याला रिक्षात घातलं. तो हाताकडे बघतच नव्हता. अंगणात आडव्या पडलेल्या मशीनकडे मान वळवून एकदम बोलून गेला, "भाऊनू, माज्या घरात सांगा नकात हां. बायल मशीन इकून टाकतली."