उंबरा नसलेलं दार

घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही जुनंच उचकटून पाहिलं. निमगाव केतकीच्या अलीकडं, ऊस आणि डाळिंबाच्या मधे असलेल्या आमच्या घराचा पत्रा निघाला, नवा स्लॅब पडला, आणि चार महिने सगळं कुटुंब विहिरीजवळच्या खोलीत खताच्या पोत्यांशेजारी राहिलं. भिगवणचा फरशीवाला मिस्त्री रोज ‘उद्या संपतंय’ म्हणायचा. दसरा गेला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी शाळेतून रजा काढली आणि त्याच्या डोक्यावर उभी राहिले. मास्तरीणबाईला तेवढं चांगलं जमतं.

या घरातली एक गोष्ट मी कुणालाही न विचारता ठरवली होती. दारांना उंबरे नकोत. माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना मामा म्हणतो, कंपवात आहे. त्यांचं पाऊल उचलत नाही, फरफटत येतं, आणि दारात आलं की चिकटल्यासारखं थांबतं. मागच्या वर्षी जुन्या उंबऱ्याला अडखळून ते पडले, कपाळाला टाके पडले. तेव्हाच मी मनाशी ठरवलं आणि वेळ आल्यावर मिस्त्रीला सांगून टाकलं, आतबाहेर एकसारखी सपाट फरशी.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, हे फरशी बसल्यावर कळलं. त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मी जिंकले असते. त्यांनी एवढंच विचारलं, “उंबराच न्हाय, मग लक्ष्मी कुठनं आत आली म्हणायचं?” त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणं. चकलीची भाजणीसुद्धा मला न सांगता दळून आणली. मीही कमी नाही, मी चकलीला नावं ठेवली.

मामांचं आणखी वेगळंच. आम्ही सगळे सामान घेऊन नव्या घरात आलो, ते विहिरीजवळच्या खोलीतच राहिले, आणि सोबतीला आत्या. मी नि नवऱ्यानं दंडाला धरून आणतो म्हटलं तर म्हणाले, “माझ्या घरात मी माझ्या पायानं जाणार. धरून न्यायला मी काय नवी नवरी हाय?” हसतच म्हणाले, पण खोलीतून हलले नाहीत. लक्ष्मीपूजनाला घरचा कर्ता माणूस पाटावर नसेल तर दिवाळी कसली, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या मनात मात्र तेच होतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्यांनी काठी घेतली आणि अंगण ओलांडून दारापर्यंत आले. सपाट दार, अडथळा कसलाच नाही. मी आत उभी, मनातून फुशारले होते. आणि पाय थांबले. जागच्या जागी थरथरत राहिले, पुढं म्हणून येईनात. नवरा धरायला गेला तर त्यांनी हात झटकला, वळले आणि खोलीत निघून गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन नव्या कोऱ्या सिंकपाशी रडले. उंबरा काढला की मामा आत आले, इतकं सोपं धरून चालले होते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर आत्या मुख्य दारात उकिडव्या बसलेल्या, हातात गेरूची वाटी. चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पांढऱ्या फरशीवर गेरूचा पट्टा, त्यावर रांगोळी, हळदकुंकू. माझं डोकं फिरलं. बारामतीला चार दुकानं पालथी घालून आणलेली फरशी! डाग निघायचा नाही, निदान मला विचारायचं तरी, असं बरंच बोलले. आत्यांनी मान वर केली नाही.

“उंबऱ्याची जागा हितंच हाय न्हवं?” म्हणाल्या, आणि पट्ट्यावर कुंकवाचं आणखी एक बोट ओढलं.

आमचा आवाज ऐकून मामा आले. मिटवायला आले असावेत. आयुष्यभर त्यांनी तेच केलंय. दारात पोचले आणि पाय पुन्हा थरथरले. त्यांनी खाली पाहिलं. गेरू, रांगोळी, हळदकुंकू. मग उजवा पाय गुडघ्यात वाकला, वर उचलला गेला आणि पट्टा ओलांडून आत पडला. पाठोपाठ डावा. ते चालत जाऊन सोफ्यावर बसले.

या माणसाने पंचाहत्तर वर्षांत उंबऱ्यावर कधी पाय दिला नाही. आमच्यापैकी कुणी चुकून दिला तर दिवसभर ऐकवायचे. बारामतीचे डॉक्टर नंतर म्हणाले, अशा पेशंटना जमिनीवर आडवी रेघ दिसली की पाऊल उचलायला सोपं जातं. आधी नसतं का सांगता आलं?

आत्या तशाच बसून होत्या. डोळे पुसायला गेल्या तर गेरू गालभर झाला. आतून मामांनी विचारलं, चहा मिळेल का कुणाच्या हातचा.

मी आत्यांशेजारी फरशीवर बसले आणि वाटी माझ्याकडं ओढली.

“आत्या, न्हाणीच्या दाराला किती रुंद ओढू?”

“चार बोटं,” त्या म्हणाल्या. “अन् सरळ ओढ.”